त्रेपन्नच्या शेवरलेटची मागची खिडकी

पिंपळगाव राजाच्या एका म्हातारीला मी सांगितलं, की तुमचा बाप तुमच्या लग्नानंतर निदान दोन वर्षं तरी जिवंत होता. तो नव्हता. लग्नानंतर पाच महिन्यांत तो गेला होता, आणि हे तिला, तिच्या भावाला आणि तिच्या माहेरच्या अख्ख्या अमडापूरला ठाऊक होतं. मला नव्हतं. पण मला गाड्या ठाऊक होत्या.

गाड्या म्हणजे जुन्या अमेरिकन गाड्या, आणि त्याही फोटोतल्या. प्रत्यक्षात मी आयुष्यभर स्कूटर चालवली आणि शेवटी शेवटी एक खडखडणारी व्हॅन. पण कुणाच्या घरी भिंतीवर काळापांढरा फोटो दिसला आणि त्यातल्या माणसांच्या मागे एखाद्या गाडीचं नुसतं मडगार्ड जरी डोकावलं, तरी मी यजमानाच्या चहाकडे पाठ करून त्या फोटोला नाक लावत असे. मडगार्डवर ओळीनं तीन भोकं असली की ब्यूक, चार असली की मोठी ब्यूक. बॉनेटच्या टोकाला शिडाचं जहाज असलं की प्लिमथ, मेंढा असला की डॉज. शेवरलेटचं साल ओळखायचं तर समोरच्या जाळीतले उभे दात मोजायचे. बावन्नला पाच, त्रेपन्नला तीन. शिवाय बावन्नपर्यंत समोरची काच दोन तुकड्यांची असायची, मधे पट्टी. त्रेपन्नला ती एकसंध झाली. ही सगळी विद्या मी रद्दीच्या दुकानात किलोवर घेतलेल्या अमेरिकन मासिकांतून मिळवली होती. त्यांतली निम्मी पानं वाळवीनं खाल्लेली, त्यामुळे माझं ज्ञानही तसंच, मधे मधे भोकं असलेलं.

खामगावात एके काळी कापसाच्या पैशावर अशा गाड्या आल्या होत्या. मी लहानपणी एक पाहिली होती, कापसाच्या एका जिनच्या आवारात, चाकं काढून विटांवर ठेवलेली. कोंबड्या तिच्यात अंडी घालत. पण तिच्या पाठीचा तो उतार, छतापासून डिकीपर्यंत पाणी ओघळावं तसा आलेला, मला कधी विसरता आला नाही. माणसानं पत्र्याला असं वळवावं याचं मला फार नवल वाटायचं. माणसांचं नवल मला जरा कमीच वाटत आलंय, हे पुढं कळेलच.

मार्केटजवळ माझं कृषी केंद्र होतं. बी, खत, औषधं. बीटी कपाशी आली तेव्हाची ही गोष्ट. पहिल्या एक-दोन वर्षांत बोंडअळी दिसेना, तेव्हा लोकांना वाटलं की आता देवच शेतात उतरला. मग सगळ्यांना एकाच वाणाचं बी पाहिजे झालं, आणि तेवढं बी येईना. जूनमध्ये दुकानापुढं पहाटेपासून रांग, रांगेपुढं काठी घेतलेला हवालदार, आणि एका सातबाऱ्यावर दोन पाकिटं असा नियम. जास्त भावानं बी विकणारे विकत होते. मी तसं कधी केलं नाही, आणि ते मी छातीवर हात ठेवून सगळ्यांना सांगायचो. मी काय करायचो ते मात्र सांगायचो नाही. दुकानात गल्ल्याच्या मागच्या भिंतीवर मी माझे फोटो लावले होते. एकदा एका शेतकऱ्यानं रांगेतून ती भिंत पाहिली आणि म्हणाला, "साहेब, अशी मोटार तं आमच्या घरच्या फोटोत बी हाय." मी म्हणालो, "घेऊन ये." तो दुपारी घेऊन आला, आणि मी त्याला मागच्या दारानं दोन पाकिटं जास्तीची दिली, छापील भावानं.

बस. ही बातमी तालुक्यात बियाण्यापेक्षा लवकर उगवली. दोन हंगामांत माझ्या भिंतीवर सतरा नवे फोटो आले. लोक देवळीतून, ट्रंकेतून, देवघराच्या वरच्या खिळ्यावरून फोटो काढून आणत होते. काहींच्या काचेवर गंधाचे सुकलेले ठिपके असत. ते मी ओल्या फडक्यानं पुसून टाकी, कारण त्यांनी गाडी झाकली जाई.

त्या सतरा फोटोंत एक नवलाची गोष्ट होती. गाडी एकच होती. त्रेपन्नची शेवरलेट, चार दारांची, समोर तीन दात, उजव्या हेडलाइटखाली पोचा, आणि नंबरप्लेटचा शेवटचा आकडा खरवडलेला. फोटो नांदुऱ्याचा असो की शेगावकडचा, गाडी तीच. पुढं उभी माणसं वेगळी, धोतरं वेगळी, टोप्या वेगळ्या. मागच्या दाराच्या खिडकीत मात्र प्रत्येक फोटोत एकेक माणूस बसलेला. छातीपर्यंत दिसणारा, सरळ आपल्याकडं बघणारा.

मी त्यावर एक सिद्धांत बसवला. खामगावात कुणी एक उदार शेठ असला पाहिजे, जो आपली गाडी गावोगाव पाठवून गोरगरिबांना तिच्यासोबत फोटो काढू द्यायचा. या शेठवर मी एका वाचनालयात व्याख्यानसुद्धा दिलं. अकरा माणसं आली होती. त्यांतली चार बियाण्यासाठी.

बायकोला ती भिंत आवडत नसे. ती दुकानात डबा घेऊन आली की गल्ल्याकडं पाठ करून बसायची. एकदा म्हणाली, "फोटो काढायचा म्हणून सगळे खाली उतरून उभे राहिले. मग हा खिडकीतला एकटाच काऊन बसून राह्यला?"

"त्याला मान दिला असेल."

"सतराच्या सतरा ठिकाणी?"

"तुला गाड्यांतलं काय कळतं," मी म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून डबा एका ओळखीच्या पोराच्या हाती यायला लागला.

त्यांतला सतरावा फोटो पिंपळगाव राजाचा. चाळिशीतल्या एका शेतकऱ्यानं आणून दिला, दोन पाकिटं घेतली आणि गेला. चार दिवसांनी तो पुन्हा आला, मान खाली घालून, आणि त्याच्या पुढं त्याची आई. बारीक, ताठ, हिरव्या लुगड्यातली. सत्तरीला टेकलेली असावी.

"माह्या पोरानं फोटो देला तुमाले," ती म्हणाली. "तो माहा हाय. मले न इचारता देला. द्या वापस."

एखादा शहाणा माणूस उठला असता, खिळ्यावरून फोटो काढून तिच्या हातात ठेवला असता. मी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि फोटो काढून काउंटरवर ठेवला. मग भिंग काढलं.

"मावशी, तुम्हाला माहीत आहे का ही गाडी कोणती आहे ते?"

"मले काय करायचं गाडीचं? त्या खिडकीत माहा बाप हाय. अन् हा भाईर उभा तो माहा भाऊ, अमडापूरचा. त्यानंच आनून देला होता मले हा फोटो. बाप तं कदी मोटारीत बसला नवता. म्या म्हनलं, चाला, एखांद्या टायमाले बसला असन."

"कधी वारले ते?"

"माहं लगन झालं वैशाखात. दिवाळीच्या मुळाले, मले माहेरी न्याले, तोच येनार होता. जातानी म्हने, पोरी, तुले न्याले मोटार घेऊन येतो. दसऱ्याच्या आंगंमांगंच गेला. मले दादाचा सांगावा बी तेरवी झाल्यावर आला."

"लग्न कोणत्या साली?"

"साल मले नाई समजत. आंदनाच्या घागरीवर कोरलं हाय."

"एक्कावन्न," मुलगा म्हणाला. "म्या वाचलं हाय. घागर हाय अजून घरात."

आता मला आवरलं पाहिजे होतं. पण इतका सोपा, इतका सुंदर पुरावा माझ्याकडं चालत आला होता. मी तिला जाळीतले तीन दात दाखवले. एकसंध काच दाखवली. बावन्नपर्यंत मधे पट्टी असायची तेही सांगितलं. आणि मग बोट वर करून म्हणालो, "ही गाडीच मुळी त्रेपन्न साली निघाली, मावशी. म्हणजे हा फोटो त्रेपन्नच्या आधी निघूच शकत नाही. आणि तुमचे वडील तर हे इथं बसलेत."

तिनं बोटं मुडपून काही मोजलं. मुलगा माझ्याकडं बघत होता, आणि मला वाटलं तो माझ्या विद्येनं दिपून गेलाय.

"मंग त्या दिवाळीले तो होता," ती म्हणाली.

"होता."

"मंग आला काऊन नाई?"

"ते गाडीवरून नाही सांगता येत," मी म्हणालो.

तिनं फोटोकडं पाहिलं. बाहेर रांगेत भांडण लागलं होतं आणि हवालदार ओरडत होता. मग ती उठली. मी फोटो पुढं केला तर तिनं हात मागं घेतला.

"राहू द्या. तुमच्याच भिंतीले ठेवा."

मी तो पुन्हा खिळ्यावर लावला. खरं सांगायचं तर मला आनंदच झाला.

त्या वर्षी पाऊस मधेच रुसला आणि दिवाळीच्या सुमारास कपाशीवर लाल्या पडला. पानं आधी कडेनं लाल, मग पुरती लाल, मग गळायला लागली. खामगावच्या बाहेर पडलं की दोन्ही बाजूंनी लालच लाल उभं, आणि आवाज कसला नाही. पूर्वी कपाशीत मधमाश्यांचा एक गुंजारव असायचा. आता फवारणीचा वास यायचा आणि आपल्याच चपलेचा आवाज ऐकू यायचा. दुकानातही लोक कमी बोलायला लागले होते. काउंटरला टेकून उभे राहायचे, माझ्या भिंतीकडं बघायचे, आणि काही न घेता निघून जायचे.

भाऊबीजेनंतर आठ-दहा दिवसांनी म्हातारीचा मुलगा पंपाचा नोझल घ्यायला आला. नोझल घेतला, आणि उभाच राहिला.

"साहेब, तुमी आईले तवा हे काय सांगतलं हो?"

"का, काय झालं?"

"राखीले मामा आला तं बोलली नाई. भाऊबीजेले आला तं दारच लावून घेतलं. सत्तरी उलटलेला मानूस, यष्टीनं आला होता. ओट्यावर बसला बसला, अन् पानी बी न पेता उठून गेला. आता खाटेवर हाय. डॉक्टर म्हनते, आता दिवस कमी हाय. आईले म्हनलं, चाल भेटाले, तं म्हनते, ज्यानं बाप असतानी बाप मेला म्हनून सांगतलं, त्याच्या घरी म्या कायले जाऊ."

"मग मामाला का नाही सांगितलंस, ती कशावर रुसली ते?"

"काय सांगू मामाले?" तो म्हणाला. "काच एकसंध हाय म्हनून?"

तो गेल्यावर मी फोटो खाली काढला. परत द्यायचा ठरवला, माफी मागायची ठरवली. आता माझी लाज पाहा: परत द्यायचा म्हटल्यावर पहिला विचार आला, की एक कॉपी करून ठेवावी. तर त्या फोटोची कॉपी करायला मी जुन्या बाजारातल्या एका फोटो स्टुडिओत गेलो.

स्टुडिओचा मालक म्हणजे ऐंशीचा एक चाचा. त्यांचे वडीलही फोटोग्राफरच होते. चाचांचे हात कापायचे, म्हणून काम मुलगा करायचा, कॉम्प्युटरवर. मी गेलो तेव्हा मुलाच्या पडद्यावर एका माणसाचा चेहरा पसरला होता, मतदान कार्डावरचा, दाण्यादाण्यांचा. मुलगा त्याच्या गळ्याखाली निळा कोट बसवत होता. बाकावर दोन माणसं बसली होती. त्यांतला एक म्हणाला, "कोट थोडा ढिला करा. तो बारीक होता." मी पडद्याकडं पुन्हा पाहिलं. हा माणूस जूनमध्ये माझ्या रांगेत उभा होता. कशानं गेला ते मी विचारलं नाही. हे विचारायला माझ्यासारख्या फवारणीचं औषध विकणाऱ्यानं तोंड उघडायचं नसतं.

मी चाचांच्या हातात फोटो दिला. त्यांनी तो समोरून पाहिलाच नाही. उलटा केला, पाठीवरून बोट फिरवलं, कडेवर नखानं चाचपलं, आणि म्हणाले, "हे तं अब्बाचं काम हाय." मग सरळ करून मला विचारलं, "यातला मैयत कोन?"

"कोण?"

"खिडकीतला कोन लागते तुमचा?"

"माझा नाही कुणी. पण तो मैयत कसा? तो तर बसलाय."

चाचा हसले, तोंडातल्या तोंडात. "बसलाय कुठं, बसोला हाय. साब, त्या टायमाले गावात फोटो कोन काढत होतं? मानूस मेला का मंग लोकाईले आठवे का याचा फोटोच नाई. मंग येत अब्बाकडं. कोनी जत्रेतला फोटो आने, त्यात याचं तोंड एवढुसं, हरभऱ्याएवढं. कोनी म्हने, चाला, अजून उचललं नाई, आत्ताच काढा. अब्बा जाऊन काढत. मंग वरून डोळे रंगवत, उघडे. तोंड तं झालं. पन हात कुठून आनता? पाय कुठून आनता? बसला कसा, उभा कसा? म्हनून अब्बानं ही तरकीब काढली. मोटारच्या खिडकीत छातीलोक मानूस लागते. बाकीचं सगळं दाराच्या आड."

"आणि हे उभे आहेत ते?"

"ते घरचे. त्याईले आंगनात उभं करून काढत, अन् मंग गाडीपुढं जोडत. लोक खुश होत. म्हनत, बरं झालं, बाप मोटारीत बसून गेला."

"गाडी कुणाची?"

"कोन जाने. कापसाचा कोनी व्यापारी होता, मुंबईचा. दुकानापुढं पंक्चर झाली. चाक बदलतलोक अब्बानं तीन फोटो काढून घेतले. एवढंच. गाडी गेली निघून."

म्हणजे माझ्या उदार शेठचं सारं औदार्य एका पंक्चरपुरतं होतं. मी व्याख्यानातली अकरा माणसं आठवली आणि ती विसरण्याचा प्रयत्न केला.

"भिंग हाय ना तुमच्याजवळ?" चाचा म्हणाले. "गाडी सोडा. तोंड पाहा."

मी पाहिलं. दोन वर्षं मी या भिंगानं हेडलाइटचे स्क्रू मोजले होते. आता पहिल्यांदा ते खिडकीत नेलं. दोन्ही डोळ्यांत पांढरा ठिपका, अगदी सारखा, ब्रशच्या टोकाचा. गाडीवर ऊन उजवीकडून पडत होतं, चेहऱ्यावर डावीकडून. आणि खांद्यावर एक आडवी रेघ होती, जी मी कोटाची शिवण समजत होतो. ती मागच्या सीटची कड होती. रिकाम्या सीटची. ती त्याच्या खांद्यातून आरपार दिसत होती.

"गाडी एकच," चाचा म्हणाले. "बसनारे बदलले. या गाडीत जो बसला, तो गेलेलाच. जिता मानूस अब्बा तिच्यात बसवत नसत. एका पाटलानं लई हट्ट केला होता, मले बी बसवा म्हने. अब्बानं त्याले हाकलून देलं."

मी कॉपी केली नाही. दुकानात परत आलो तेव्हा लोडशेडिंगचे तास चालू होते. भर दुपार, पण शटर अर्धं खाली, पंखा बंद, औषधाचा वास साठून राहिलेला. मी गल्ल्यावर बसलो आणि मान वळवली. सोळा खिडक्या. सोळा माणसं, आणि ती सगळी माझ्याकडंच बघत होती, कारण अब्बांनी सगळ्यांचे डोळे एकाच जागी रोखले होते. त्यांत दोन बाया होत्या. एक मूल होतं, आठ-नऊ वर्षांचं, डोक्यावर जरीची टोपी, खिडकीच्या कडेला जेमतेम हनुवटी पोचलेली. मी त्या मुलाला दोन वर्षं ड्रायव्हरचा पोरगा समजत आलो होतो. आणि त्या मुलाच्या घरच्यांनी, मुलाचा जगातला एकमेव फोटो, दोन पाकिटांसाठी माझ्या काउंटरवर ठेवला होता. मी त्याच्या कपाळावरचं गंध पुसून टाकलं होतं.

उतरवायला हात गेला, तो परत आला. त्यांना पाठ करून बसवेना, तोंड करूनही बसवेना. शेवटी शटर पूर्ण वर केलं, रस्त्यावर लोक आहेत याची खात्री केली, आणि मगच एकेक फोटो खाली घेतला. ते मी पुढं हिवाळाभर गावोगाव फिरून परत केले. काहींनी मुकाट्यानं घेतले. एकानं विचारलं, "वापस काऊन आनला? औंदा बियानं नाई द्यायचं का?"

पण त्याआधी, दुसऱ्याच दिवशी सकाळी, मी व्हॅन घेऊन पिंपळगाव राजाला गेलो. म्हातारी ओट्यावर कापूस निवडत बसली होती, किडकं बोंड वेगळं, बरं वेगळं. बरं फार कमी होतं. मी जमिनीवरच बसलो आणि सगळं सांगितलं. या वेळी दात सांगितले नाहीत, काच सांगितली नाही. इतकंच सांगितलं, की हा फोटो मेल्यानंतर बनवलेला आहे, या गाडीत मेलेल्यांनाच बसवत होते, आणि तिचा बाप त्या दिवाळीला नव्हता. मी चुकलो होतो.

ती कापूस निवडतच राहिली. दोन-तीन बोंडं हातातून गेल्यावर म्हणाली, "मंग दादा खरं बोलत होता."

"हो."

"अन् म्या त्याले पानी नाई देलं."

तिनं हात झटकले, फोटो पदरात गुंडाळला, पायात चपला घातल्या आणि व्हॅनजवळ जाऊन उभी राहिली. मुलगा घरातून पळत आला.

खामगावावरून चिखली रस्त्यानं आम्ही अमडापूरला निघालो. मुलगा माझ्या शेजारी, ती मागं. वाटेनं लाल कपाशी, कुठं उपटून बांधावर रचलेल्या पऱ्हाट्या, आणि माणूस नाही. मधेच मी सहज वरच्या आरशात पाहिलं. ती खिडकीशी बसली होती, छातीपर्यंत दिसत होती, सरळ समोर बघत, अजिबात न हलता. ऊन उजवीकडून होतं. मी तिच्या चेहऱ्यावर ते कुठल्या बाजूनं पडलंय हे बघायला लागलो आणि व्हॅन रस्त्याच्या खाली उतरता उतरता राहिली.

"साहेब, पुढं पाहा," मुलगा म्हणाला. मी आरसा फिरवून ठेवला. पण मग मागून काहीच आवाज येईना, तेही सहन होईना.

"मावशी, बऱ्या आहात ना?"

"हाव," ती म्हणाली. एवढं ऐकल्यावर माझा पाय जरा हलका झाला.

भाऊ खाटेवर होता, उशीला टेकून. नुसती हाडं, पण डोळे जागे. बहीण आत गेली आणि त्याच्या पायथ्याशी बसली. तिनं कोपऱ्यातल्या माठातून गडवा भरून आणला आणि त्याच्यापुढं धरला. त्यानं तो घेतला. थोडं प्याला, थोडं अंगावर सांडलं.

इथं मी गप्प बसलो असतो तर बरं होतं. पण मला वाटलं, चूक माझी, तर खुलासाही मीच करावा. मी सुरुवातीपासून सांगितलं. बियाणं, भिंत, त्रेपन्न साल, चाचा, त्यांचे अब्बा. भिंगसुद्धा खिशातून काढून दाखवलं. माझं संपल्यावर म्हाताऱ्यानं बहिणीकडं हात केला. तिनं पदरातून फोटो काढून दिला.

"बाबाचं तोंड शाळेच्या एका फोटोतून काढलं होतं," तो बहिणीला म्हणाला. "मांगं उभा होता, कोपऱ्यात. खामगावले गेलो दोन वर्सानं, तवा त्या फोटोवाल्याले म्हनलं, बाबा मोटारीत बसलेला पायजे. तो म्हने, म्या तं मोटारीतच बसोतो. म्या म्हनलं, मंग बरं. अन् मले बाजूले उभा करा, म्हनलं, म्हंजे आमी दोघं तुले न्याले निंगालो, असं दिसलं पायजे."

तिनं त्याच्या सदऱ्यावर सांडलेलं पाणी पदरानं टिपायला सुरुवात केली आणि टिपतच राहिली.

"हे तवाच काऊन नाई सांगतलं?" ती म्हणाली.

"तू फोटो पाहून हासली. मंग कायले सांगू."

मग त्यानं मान माझ्याकडं वळवली. मला वाटलं, आता हा माणूस मला माफ करणार. मी थोडा पुढं सरकलो.

"फोटो कोनी आनला, हे इनं तुमाले त्याच दिशी सांगतलं होतं ना?"

"हो. तुम्ही आणला म्हणून सांगितलं होतं."

"अन् म्या जिता होतो."

"हो."

"यष्टी येते अमडापूरले."

त्यानं माझ्या हातातल्या भिंगाकडं पाहिलं, मग बहिणीकडं वळला.

"बाई, ज्याले मेला मानूस कोनता अन् जिता कोनता हे समजत नाई, त्याच्या दुकानातून बियानं नोको घेत जाऊ."